ओळखीच्या तोंडची जाहिरात

पूर्वी जाहिरात कुठे असते हे आपल्याला ठाऊक होतं. ती दादर स्टेशनबाहेरच्या फलकावर असायची, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असायची, मालिका ऐन रंगात आली की मध्येच यायची. ती आली की आपण उठून कुकर बघून यायचो. आपण जाहिरात आहोत हे तिचं तीच सांगायची. आता दुपारची भांडी आवरून जरा टेकावं, फोन हातात घ्यावा, तर जाहिरात येते ती शेजारच्या वहिनींच्या नावाने, शाळेतल्या मैत्रिणीच्या फोटोसकट. ‘ताई, मी स्वतः वापरलंय. डोळे मिटून घ्या!’

ऑनलाइन मार्केटिंगचा विषय निघाला की आपण मोठ्या कंपन्यांना नावं ठेवतो. त्यांच्याबद्दलही पुढे लिहिणारच आहे. पण गिरगाव, परळ, लालबागच्या महिला मंडळांतून आणि बचत गटांतून वावरताना मला एक गोष्ट सारखी दिसते. या बाजारात साडी, क्रीम, गुंतवणूक या गोष्टी नंतर विकल्या जातात. त्याआधी विकला जातो तो ‘अमकीने सांगितलंय म्हणजे खरंच असणार’ हा भरवसा. माझं म्हणणं साधं आहे. जी ओळखीवर विकते, तिने ओळखीइतकी जबाबदारीही घ्यावी. कायदा आता बऱ्याच अंशी हेच म्हणतो. आपण बायकांनीही ते आपापल्या ग्रुपमध्ये म्हणायची वेळ आली आहे, कारण या दुकानात काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपणच उभ्या आहोत.

दादरचं टोरेस प्रकरण आठवतंय ना? पश्चिमेला जे. के. सावंत मार्गावर, यशवंत नाट्यमंदिराला जाताना आपण ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्यावर, २०२४ मध्ये दागिन्यांचं एक चकचकीत दुकान सुरू झालं. मागे कंपनी होती ‘प्लॅटिनम हर्न’ नावाची. ग्रँट रोड, कांदिवली, मीरा रोड, कल्याण, सानपाडा इथेही दुकानं निघाली. विकायला होता मोइसनाइटचा खडा, म्हणजे प्रयोगशाळेत तयार होणारा, हिऱ्यासारखा चमकणारा. खडा घ्या आणि त्यावर दर आठवड्याला परतावा घ्या, अशी योजना. आठवड्याला सहा टक्के, पुढे पुढे त्याहूनही जास्त. नवीन माणूस आणलात तर वेगळं बक्षीस. शिवाय सोडती, गाड्यांची बक्षिसं आणि सोशल मीडियावरचे व्हिडिओ.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पैसे येणं थांबलं. ६ जानेवारी २०२५ च्या सोमवारी दादरच्या दुकानासमोर माणसांची झुंबड उडाली. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. फिर्याद देणारा होता दादरचाच एक भाजीविक्रेता. पुढे तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, काही जणांना अटक झाली, आणि मागचे परदेशी सूत्रधार त्याआधीच देशाबाहेर गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवेल. पण हजारो घरांची पुंजी अडकली, हे तर आपण डोळ्यांनी पाहिलं.

आता जरा हिशेब मांडू. आठवड्याला सहा टक्के म्हणजे एका लाखावर आठवड्याला सहा हजार. सतरा आठवड्यांत मुद्दल वसूल. वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर एका लाखावर तीन लाख बारा हजार. बँक वर्षाला सहा-सात टक्के देताना कुरकुरते, आणि इथे तेवढं एका आठवड्यात मिळणार! भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करणाऱ्या आपण हा हिशेब का करत नाही? करतो, पण तो योजना सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून करतो. सांगणारा अनोळखी असता तर दार लावून घेतलं असतं. सांगणारी नणंद असते, मुलाच्या मित्राची आई असते, हळदीकुंकवाला शेजारी बसलेली बाई असते.

आणि ती खोटं बोलत नसते, हीच यातली खरी गोम आहे. तिने पैसे घातलेले असतात आणि पहिले काही हप्ते तिला वेळेवर मिळालेलेही असतात. ती फोन उघडून बँकेचा मेसेज दाखवते. तिचा अनुभव खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. कारण तिला मिळालेले पैसे धंद्यातून आलेले नसतात, तिच्या मागून आलेल्या बाईचे असतात. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणून लोकांना असंच गुंतवलं होतं. तेव्हापासून अशा योजनांना त्याचंच नाव पडलं. शंभर वर्षांत युक्ती तीच राहिली. पूर्वी एका माणसाला दहा घरं हिंडावी लागायची, आता एका बोटाने अडीचशे घरांत जाता येतं, एवढाच काय तो फरक.

‘घरबसल्या कमवा’ हे दोन शब्द तर खास आपल्यासाठीच कोरलेत. २०१०-११ मधलं स्पीक एशिया आठवून पाहा. सिंगापूरची म्हणवणारी कंपनी. अकरा हजार रुपये भरायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणं संगणकावर भरायची, प्रत्येकी पाचशे रुपये मिळणार. म्हणजे वर्षाचे बावन्न हजार. आणखी सभासद आणले तर आणखी मिळकत. किती गृहिणींनी आणि निवृत्त माणसांनी त्यात पैसे घातले! ज्या नामांकित कंपन्या आपली सर्वेक्षणं घेतात असं सांगितलं जात होतं, त्यांतल्या काहींनी आपला संबंध नाही म्हणून हात झटकले. २०११ मध्ये पैसे देणं बंद झालं आणि मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेला तपास करावा लागला. बावन्न हजारांचं सर्वेक्षण भरायला आपण अकरा हजार का द्यायचे, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला असता तर? नोकरी देणारा पगार देतो, तो आधी आपल्याकडून पैसे मागत नाही.

इथे कायद्याची एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ सालचा आहे. तो फक्त योजना काढणाऱ्याला धरत नाही. अशा योजनेचा प्रसार करणं, एवढंच काय, तिचं सभासद होणं यालाही त्यात मनाई आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा आणखी एक कायदा आला. त्यात अशा योजनेची जाहिरात करून लोकांना बोलावणं हाही गुन्हा आहे. म्हणजे ‘मी नुसतं फॉरवर्ड केलं हो, मला काय माहीत’ ही ढाल फार मजबूत नाही. कमिशन घेतलं असेल तर मुळीच नाही.

पण पोलीस आणि न्यायालयाच्या आधी जे मोडतं त्याची नोंद कुठल्या ठाण्यात होत नाही. आमच्या ओळखीतल्या, परळच्या एका चाळीत राहणाऱ्या बाईंनी शिवणकाम करून मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी पैसे साठवले होते. ते त्यांनी नवऱ्याला न सांगता एका ऑनलाइन योजनेत घातले. दोन महिने पैसे आले, म्हणून जावेलाही घ्यायला लावले. पुढे ॲप उघडेनासं झालं. त्या तक्रार करायला तयार नव्हत्या. ‘घरी कळेल,’ एवढंच म्हणायच्या. जाऊ त्यांच्याशी बोलत नाही, आणि वर्षानुवर्षं एकत्र होणारे गणपतीचे मोदक आता दोन घरांत वेगवेगळे होतात. बुडालेली रक्कम दोघींची मिळून एका टोलेजंग इमारतीतल्या गाडीच्या टायरांइतकीही नसेल. पण तेवढ्यात एक घर दुभंगलं. अशा योजना काढणाऱ्यांना बाईची ही लाज पुरेपूर ठाऊक असते. लपून घातलेले पैसे बुडाले तर त्यांची बोंबही लपूनच होते.

म्हणून पहिली विनंती अशी : फसलेल्या बाईला ‘तुला अक्कल नव्हती का?’ असं कुणी म्हणू नका. तिला हाताला धरून तक्रार करायला न्या.

आता दुसऱ्या बाजूला, विकणाऱ्या बायकांकडे वळते. तिथेही आपणच आहोत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट आमच्या या भागाला त्याची मोठी परंपरा आहे. १९५९ च्या मार्च महिन्यात गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. या दोन्ही ठिकाणी माल ओळखीवरच खपत होता. पण ती ओळख उघडी होती. पापडाच्या पुडक्यावर नाव होतं, खानावळीला दार होतं. भाजी खारट झाली तर कामगार त्याच संध्याकाळी बाईला तोंडावर सांगत होता.

आज फोनवर धंदा करणाऱ्या कितीतरी बाया तसंच सचोटीने करतात. आमच्या गटातल्या लालबागच्या एक काकू मसाले करून विकतात. त्यांच्या मेसेजमध्ये ब्याडगी किती, संकेश्वरी किती, वजन, दळल्याची तारीख, किंमत आणि घरपोच पाठवण्याचे वेगळे पैसे, सगळं लिहिलेलं असतं. एका खेपेला मिरची नीट वाळलेली मिळाली नव्हती, तर ‘हा मसाला महिन्याभरात संपवा, साठवणीचा पुढच्या खेपेला देईन’ असं त्यांनी सरळ लिहिलं. त्या महिन्यात मागणी कमी आली. पुढच्या खेपेला त्याच बायकांनी दुप्पट मसाला नेला.

याच्या उलटही पाहतो. एप्रिल उजाडला की ‘अस्सल देवगड हापूस, आजच बुक करा’ असे मेसेज सुरू होतात. पेटी दारात येते तेव्हा आंबा कुठल्या राज्यातला हे ओळखायला नाक पुरतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच त्या नावाने विकण्याचा हक्क आहे. दुसऱ्या प्रांतातला आंबा विकायला हरकत नाही, खायलाही गोड असतो. पण त्याच्या नावाने विका. पैठणीचंही तसंच. येवल्याच्या विणकराने महिनोन्‌महिने बसून विणलेल्या साडीचा फोटो उचलायचा आणि त्याखाली यंत्रमागावरची साडी दीड हजारात द्यायची, यात घेणारीची फसवणूक होते आणि त्या विणकराच्या पोटावरही पाय येतो.

‘आमचा कसला धंदा, दोन-चार साड्या विकते इतकंच,’ असं म्हणणाऱ्यांनी २०२० चे ई-कॉमर्सचे नियम जरूर समजून घ्यावेत. कपाटातली एखादी जुनी साडी हौसेने विकली तर तुम्हाला हे नियम लागू नाहीत. पण नेहमी, नियमितपणे, कमाईसाठी विकत असाल तर तुम्ही विक्रेत्या आहात. मग दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, किंवा माल सदोष निघाला, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिणं हे तर नियमांत नाव घेऊन निषिद्ध आहे. बहिणीच्या, भाचीच्या नावाने ‘खूप छान माल, लगेच मिळाला’ असं लिहून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि लाडू, लोणची, मसाले विकत असाल तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. नोंदणी ऑनलाइन होते, आणि मुलांना सांगितलं तर ती करूनही देतात.

तिसरी गोष्ट रील करणाऱ्यांची. आपल्याच मुली, सुना आता स्वयंपाकाचे, साड्यांचे, त्वचेच्या काळजीचे व्हिडिओ करतात. चांगलंच आहे, हातात चार पैसे येतात. पण कंपनीने फुकट पाठवलेलं तेल ‘माझ्या आजीच्या काळापासूनचं’ म्हणून दाखवलं की ते बघणारीशी केलेलं कपट होतं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने त्यांचं सोप्या भाषेत स्पष्टीकरण दिलं. पैसे घेतले असोत, वस्तू फुकट मिळाली असो, सवलत असो, किंवा विकणाऱ्याशी नातं असो, बघणाऱ्याला ते सांगायचंच. तेही ठळकपणे आणि ज्या भाषेत स्तुती केली त्याच भाषेत. सगळं मराठीत बोलायचं आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांत कबुली द्यायची, हे चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्तुती करणाऱ्याला एक वर्ष, पुन्हा केल्यास तीन वर्षं जाहिरात करायला बंदीही घालता येते. जिने आधी नीट चौकशी केली होती तिला मात्र कायदा सोडतो. म्हणजे कायद्याची अपेक्षा काय, तर बोलण्याआधी वस्तू खरंच वापरून बघा, दाव्याचा आधार मागा. आपल्या आज्या पोरीचं स्थळ सुचवताना याहून जास्त चौकशी करत होत्या.

एवढं आपल्याबद्दल झाल्यावर मोठ्या कंपन्यांनाही सोडून चालणार नाही. त्यांच्याकडे ओळख नसते, म्हणून त्या घाई विकतात. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘ऑफर दहा मिनिटांत संपणार’ असं घड्याळ दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होतं. पिशवीत न घातलेला विमा किंवा देणगी बिलात घुसते. पहिल्यांदा दिसते ती किंमत एक आणि पैसे भरताना दुसरी. सभासद होणं एका टिचकीचं, सोडायला गेलं तर सात दारं. ‘नको’ म्हणायचं असेल तर बटण असं लिहिलेलं असतं की, ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’! ३० नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा लबाड्या नावानिशी दिल्या आहेत आणि त्या करायला मनाई आहे. मी बायकांना एकच युक्ती सांगते. घाई दिसली की फोन पालथा ठेवा आणि भाजी निवडायला घ्या. भाजी निवडून झाल्यावरही वस्तू हवीच असेल तर घ्या.

आणि हो, आपले फोन नंबर! प्रदर्शनात ‘लकी ड्रॉ’च्या खोक्यात नाव, नंबर, वाढदिवस लिहून चिठ्ठी टाकतो. बक्षिसाचा डबा मिळतो एकीला आणि फोन येतात सगळ्यांना. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती तिसऱ्याला देणं हीही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथाच आहे. हळदीकुंकवाची यादी, भजनी मंडळाची यादी, सोसायटीची यादी यांतल्या बायकांना न विचारता विक्रीच्या ग्रुपमध्ये ओढणं मला तरी त्याच पंक्तीतलं वाटतं. मंडळाने नंबर दिला तो भजनाची वेळ कळवायला.

हे मी आमच्या एका बैठकीत बोलले तेव्हा एक बाई उसळून म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणताय. गिरणी गेली, नवऱ्याची नोकरी गेली, आता फोनवर चार गाऊन विकते तर तिथेही तुमचा कायदा!’ त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. गिरण्या बंद पडल्यावर या भागातल्या घरांचा गाडा बायकांनीच ओढला, डबे दिले, पापड लाटले, ब्लाउजला हुक लावले. फोनने त्यांना पागडी आणि भाडं न भरता दुकान दिलं, हे फार मोठं काम झालं. पण त्यांच्याच पोटासाठी मी हे म्हणते आहे. मोठ्या कंपनीचा माल खराब निघाला तर ती उद्या नव्या नावाने जाहिरात करेल. आपल्याकडे नाव एकच आहे आणि चाळीत तोंडही तेच दाखवायचं आहे. शिवाय प्रत्येक फसवी योजना याच ग्रुपमधून पसरते, आणि एकदा हात पोळला की बायका खऱ्या मसालेवालीचा मेसेजही न उघडता पुसून टाकतात. नियम पाळणारीचं गिऱ्हाईक नियम मोडणारी खाते.

आमच्या गटाने त्यानंतर आपल्यापुरते तीन नियम ठरवले. पहिला, विक्रीचा मेसेज वेगळ्या ग्रुपमध्ये, आणि तिथे ज्याची त्याने मर्जीने यायचं. दुसरा, सुचवणारीला कमिशन, भेट किंवा सवलत मिळणार असेल तर मेसेजच्या पहिल्या ओळीत ‘यात माझा फायदा आहे’ असं लिहायचं. तिसरा, पैसे गुंतवायचे किंवा माणसं जोडायचे मेसेज अजिबात टाकायचे नाहीत, मग ते कुणाच्याही सख्ख्या भावाचे असोत. पहिले काही दिवस कुजबुज झाली. मग दुसऱ्या नियमाने गंमत केली. ‘यात माझा फायदा आहे’ हे लिहिताना ज्यांचा हात अडखळला, त्यांनी ते मेसेज टाकणंच बंद केलं. मसालेवाल्या काकू मात्र दर खेपेला ठसक्यात लिहितात, ‘यात माझा फायदा आहे, तुमचाही आहे.’

फसवणूक झालीच तर काय करायचं तेही सांगते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या तासाचं महत्त्व फार आहे. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माल, सेवा, जाहिरात यांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ वर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. विकणारी कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. दक्षिण मुंबई आणि मध्य मुंबईसाठी वेगवेगळे आयोग आहेत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचा पुरावा, झालेलं बोलणं जपून ठेवा. रागाच्या भरात ग्रुप सोडून सगळं पुसून टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुरावाही त्याबरोबर जातो.

१९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने याच शहरात गृहिणींचे संघ करून एकत्र माल घ्यायला शिकवलं. तेव्हा एकेकटी गिऱ्हाईक म्हणून आपल्याला कुणी मोजत नव्हतं, संघ झाल्यावर मोजू लागले. फोनवरचे आपले ग्रुप म्हणजे तसेच तयार संघ आहेत. आज ते विकणाऱ्यांच्या कामी येतात. कुठल्या मेसेजमध्ये खोट आहे, कुणाचा माल चोख आहे, कुणाला तक्रारीला सोबत हवी आहे, हे तिथे बोललं गेलं तर ते आपल्याही कामी येतील.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा मेसेज पुढे ढकलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : हे बुडालं, तर ज्या बाईला मी हे पाठवते आहे तिच्या दारात मी उद्या हळदीकुंकवाला जाऊ शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल पाठवा, आणि खाली आपलं नाव लिहा.